धोंड्याच्या महिन्यातला ॲडमिनिस्ट्रेटर

माझ्या सासुरवाडीत माझ्याविषयी एक मोठा गैरसमज होता आणि तो दूर करायची मला कधीच घाई नव्हती. मला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं, असं गोरेगावात, म्हणजे मुंबईच्या नव्हे तर हिंगोलीजवळच्या गोरेगावात, समजलं जायचं. मी हिंगोलीला एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. माझ्या टेबलावर कॉम्प्युटर आहे, एवढं खरं. बोनाफाईडचा ठरलेला नमुना उघडायचा, मुलाचं नाव बदलायचं आणि छापायचं. नाव बदलायचं राहिलं तर मुलगा आरडाओरडा करत परत येतो, मग पुन्हा छापायचं. इतक्या वर्षांत माझी मजल याच्यापुढे गेलेली नाही. पण जावयाबद्दल कुणी चांगलं बोलत असेल तर जावयानं मध्ये तोंड घालू नये, या मताचा मी आहे.

खरं येत होतं ते माझ्या मेव्हणीला. बायकोची ही धाकटी बहीण बी.एस्सी. झालेली. गावातल्या लेकरांच्या शिकवण्या घेऊन घेऊन तिनं स्वतःच एक जुना कॉम्प्युटर घेतला होता. देवघराशेजारच्या खोलीत, खिडकीखाली तो ठेवलेला. त्याचा पंखा घरघरायचा, पडद्याच्या एका कोपऱ्यात पिवळा डाग होता, पण तिच्या हाताखाली तो गुपचूप चालायचा. मी बसलो की अडायचा. मी म्हणायचो, जुना झालाय. ती काही म्हणायची नाही.

त्या वर्षी अधिक महिना आला आणि आम्हाला धोंड्याचं आवतण आलं. ज्यांच्या घरी जावई आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला पाटावर बसवायचं, दिव्याचं ताट द्यायचं आणि पुरणाचे तेहेतीस धोंडे पुढे मांडायचे. माझे सासरे गावातल्या मंदिराचे पुजारी, त्यामुळे आमच्याकडे यात एक मात्रा कमी चालत नाही. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामा शांत, प्रेमळ, आणि एकदा एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ब्रह्मदेव आला तरी न हलणारे.

त्या दिवशी त्यांनी डोक्यात घेतलं होतं की पंखा बंद ठेवायचा, कारण निरांजन विझेल. सोवळं नेसून मी घामानं निथळत बसलो होतो. मी दोनदा वर पंख्याकडे पाहिलं, एकदा खाकरलो. मामांनी मला तूप वाढलं. अकरावा धोंडा मी केवळ त्यांनी हात धरून ताटात घातला म्हणून खाल्ला, बाराव्याला हात जोडले. आता सतरंजीवर आडवं व्हावं, एवढीच विष्णूची इच्छा होती.

तेवढ्यात मामा म्हणाले, "जावईबापू, सगळा मान झाला, एक राहून गेलं. घरात कॉम्प्युटर हाय, अन् त्यात तुमचं नाव न्हाई."

मेव्हणीनं लगेच कॉम्प्युटर सुरू केला. माझ्या नावाचं खातं उघडलं. मग मशीननं विचारलं, खातं कोणत्या प्रकारचं, स्टँडर्ड की ॲडमिनिस्ट्रेटर? मामा मागे उभे होतेच. त्यांनी विचारलं, ह्या दोन्हींत फरक काय?

"स्टँडर्ड म्हणजे साधा वापरणारा," ती म्हणाली. "बसायचं, काम करायचं, उठायचं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे कारभारी. नवीन काही बसवायचं असलं तर त्याची परवानगी लागते."

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "मंग जावयाला साधं देऊन राहिलीस व्हय? धोंड्याच्या महिन्यात?"

"बाबा, दाजी इथं फक्त मोबाईलमधले फोटो बघतात."

"कारभारी कर."

तिनं केलं. एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण मामांनी विचारलं, "अन् तुझं खातं कोणतं?" ती म्हणाली, तेही कारभाऱ्याचंच. मामांना हे पटेना. "एका पूजेला दोन यजमान कसे बसतील? संकल्पाचं पाणी एकाच्याच हातून सुटतं. तुझं साधं कर."

"मग मला काही बसवायचं असलं तर?"

"दाजीला विचारायचं. जावई काय परका हाय का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोलायला हवा होता. "मामा, राहू द्या तिचं," एवढं जरी म्हणालो असतो तरी विषय तिथंच मिटला असता. जावयाचा शब्द त्या महिन्यात कुणी खाली पडू दिला नसता. पण मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू? ऑफिसात माझ्या सहीला किंमत नाही, घरात मला रिमोट मिळत नाही, आणि इथं एक अख्खं यंत्र माझ्या परवानगीवर चालणार होतं. मी तिच्या खुर्चीत बसलो. बदल कुठं करायचा हेही मला माहीत नव्हतं. इथं क्लिक करा, आता खाली, आता हे, असं ती कोरड्या आवाजात सांगत गेली. तिचं खातं साधं कसं करायचं, हे तीच मला शिकवत होती.

शेवटी पासवर्ड. मामा मागून सूचना देत होते. देवाचं नाव घ्या. न्हाई, नको, देवाचं नाव कुणीबी वळखंल. आकडा घाला. मोठा ठेवा. सावकाश. पाठ ताठ ठेवा. घाम माझ्या मानेवरून खाली चालला होता, पोटात अकरा धोंडे, आणि समोर ती रिकामी चौकट. माझ्या लक्षात आलं की इथं काहीही लिहिलं तरी बाहेर नुसते काळे ठिपके दिसतात. नऊ वर्षांत सासुरवाडीत मला बोलायला अशी जागा कुणी दिली नव्हती. मी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, आडमुठा सासरा. जोडून. शेवटी तेहेतीस.

पुढं मशीननं विचारलं, पासवर्ड विसरलात तर आठवायला काही खूण? मी लिहिलं, मागे उभा आहे. फार बरं वाटलं. बाहेर येऊन मी दोन तास झोपलो.

त्यानंतर जे झालं ते ओघानंच झालं. मेव्हणीला मराठी टायपिंगचा नवा फाँट बसवायचा होता. बसवायला गेलं की पडदा काळवंडायचा आणि मधोमध एक चौकट यायची. चौकटीत माझं नाव आणि त्याखाली पासवर्डाची रिकामी जागा. तिनं फोन केला. मी भारदस्त आवाजात म्हणालो, पासवर्ड फोनवर सांगत नसतात, तसा नियम आहे. रविवारी जीपनं गोरेगावला गेलो. सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, धपाटे केले. मी कीबोर्डवर रुमाल धरून पासवर्ड टाकला, फाँट बसला, मी जेवून परत आलो. पुढच्या वेळी प्रिंटर होता, धपाट्यांच्या जोडीला ठेचा होता. मामा शेजाऱ्यांना सांगायचे, "आमचे जावई स्वतः येऊन करतात."

तिचं खातं पुन्हा पहिल्यासारखं करायला दोन मिनिटं लागली असती. निदान तो भयंकर पासवर्ड तरी बदलावा, हेही मला सुचायचं. पण मामा खोलीतून हलायचे नाहीत, आणि मीही फार मनावर घेतलं नाही. ज्या फांदीवर बसलोय तीच कोण तोडतो?

एकदा तिचा फोन आला. "दाजी, मी तुमचं खातं उघडून पाहून राहिले होते. अंदाजानं पासवर्ड टाकला तर खाली लिहून आलं, मागे उभा आहे. मी मागं वळून पाहिलं तर बाबा उभे."

"ते कॉम्प्युटर आपोआप लिहितो," मी म्हणालो.

"माझा तर कधी न्हाई लिहीत," ती म्हणाली.

बायकोनंही पासवर्ड विचारून पाहिला. तिला तरी कसा सांगणार? तिचाच बाप. ती चिडली. म्हणाली, "तुमचा मान पुरे झाला. तिची खुर्ची अडवून बसलायत तुम्ही." मला राग आला, कारण ते खरं होतं.

मग एका बुधवारी मेव्हणीचा फोन आला आणि या वेळी तिचा आवाज वेगळा होता. एका कंपनीचं घरी बसून करायचं काम होतं, मराठी बोलणं ऐकून ते टाइप करायचं. अर्ज तिनं कुणाला न सांगता केला होता आणि तिला परीक्षेला बोलावणं आलं होतं. परीक्षा रविवारी अकरा वाजता, घरच्याच कॉम्प्युटरवर. त्याचं सॉफ्टवेअर त्याच दिवशी सकाळी नऊला मेलवर येणार आणि साडेदहाच्या आत बसवून घ्यायचं.

"दाजी, तुमी शनिवारीच मुक्कामाला या," ती म्हणाली. "हे हातचं गेलं तर मला पुण्याला खोली करून राहावं लागंल. अन् बाबा ते होऊ द्यायचे न्हाईत. म्हणजे मंग काहीच न्हाई."

मी म्हणालो, काळजी करू नकोस, रविवारी पहिल्या जीपनं येतो. शनिवारी मुक्कामाला जायला मला काहीही अडचण नव्हती. पण शनिवारी रात्री मॅच होती. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, इथं लिहितो आहे.

रविवारी पहिली जीप भरेपर्यंत साडेआठ वाजले. नऊ वाजून गेल्यावर अर्ध्या वाटेत ती पंक्चर झाली. ड्रायव्हरनं स्टेपनी काढली तर तीही बसलेली. तो हात झटकत म्हणाला, येणाऱ्या गाडीत चाक टाकून पाठवतो, तासाभरात होतंय. आम्ही दहा-बारा जण बाभळीखाली उभे राहिलो. मागून आलेल्या दोन जीपांच्या टपावरसुद्धा माणसं होती. दहा वाजले. मी मनातल्या मनात मामांना, जीपला, मॅचला आणि स्वतःला शिव्या घालत होतो. दहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

फोन मामांचा होता. मेव्हणीचा स्वतःचा फोन परीक्षेसाठी दुसरा कॅमेरा म्हणून टेबलावर लावून ठेवलेला होता. मामा नेहमी स्पीकरवरच बोलतात. फोन कानाला लावला की कान तापतो, असं त्यांचं मत आहे.

"दाजी, कुठं आलात?" तिचा आवाज लांबून आला.

मी सांगितलं. मग ती म्हणाली, "मग पासवर्ड सांगा."

"तू एकटी आहेस का?"

"न्हाई, सगळे इथंच बसून राहिलेत. बाबांनी नारळ फोडलाय. सांगा दाजी, वीस मिनिटं राहिली."

मी म्हणालो, स्पीकर बंद कर. मामा म्हणाले, "स्पीकर काहून बंद करायचा? तुमचा आवाज तुटक येऊन राहिला. तुमी एकेक अक्षर सांगा, मी लिहून घेतो बराबर, अन् तिला वाचून दाखवतो. चुकायचं काम न्हाई."

पळून जायला वाट नव्हती, आणि जीपलाही चाक नव्हतं. मला तिचा तो बुधवारचा आवाज आठवला. म्हणजे मंग काहीच न्हाई. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "ए."

"ए," मामा म्हणाले.

"परत ए."

"दोनदा व्हय? बरं."

"डी. एम. यू. टी. एच. ए."

पेन्सिलीची करकर ऐकू आली असं मला वाटलं. मामा आयुष्यभर पोथ्या वाचत आलेला माणूस, अक्षर दिसलं की जोडून वाचणारच. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "आ-ड-मु-ठा." थोडं थांबून ते म्हणाले, "पुढं?"

"एस. ए. एस. आर. ए."

या वेळी त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही. पलीकडे घरघरणारा कॉम्प्युटरचा पंखा तेवढा ऐकू येत होता. इकडे माझ्याभोवतीची माणसं जवळ सरकली होती. शेवटी मेव्हणीनंच विचारलं, फार हळू आवाजात, "दाजी, सगळी लहान अक्षरं का मोठी?"

"आडमुठ्याचा पहिला ए मोठा," मी म्हणालो. "आणि सासऱ्याचा एस मोठा."

बाभळीखाली जे हसू फुटलं ते मी विसरणार नाही. ड्रायव्हर जीपच्या बॉनेटवर पालथा पडून हसत होता.

"शेवटी आकडा..." मी म्हणालो.

"तेहेतीस," मामा म्हणाले. "ते कळलं मला."

कीबोर्डचा आवाज आला. मग ती ओरडली, "उघडलं दाजी! बसून राहिलं!" आणि फोन बंद झाला.

माझ्या शेजारी एक म्हातारी गाठोडं मांडीवर घेऊन दगडावर बसली होती. तिनं विचारलं, "कोन व्हतं रं तिकडं?"

"सासरे."

"मंग आता म्होरं जातूस का माघारी?"

मी पुढेच गेलो. का गेलो कोण जाणे, पण परत फिरावंसं वाटलं नाही. चाक आलं, जीप सुटली, साडेअकराला मी गोरेगावात उतरलो. खोलीचं दार आतून लावलेलं होतं. ओसरीवर मामा एकटेच बसले होते. मी पाया पडायला वाकलो आणि तोंड उघडलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. परीक्षेच्या वेळी बाहेरचा आवाज आत गेला तर पेपर बाद होतो, असं तिनं त्यांना बजावलं होतं. मामा ते अक्षरशः पाळत होते. मामींना त्यांनी शेजारी पाठवून दिलं होतं आणि कुकरसुद्धा लावू दिला नव्हता.

मी शेजारी बसलो. पेपर दीड वाजेपर्यंत होता. दोन तास मी त्या माणसाशेजारी बसून होतो, मला माफी मागायची होती, आणि बोलायची बंदी होती. एवढी लांब शिक्षा मला शाळेतही झाली नव्हती. मामांनी एक माशी हातानं उडवली. मग मांडीवरची वही उघडली. वरच्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात माझा पासवर्ड होता. त्यांनी खाली लिहिलं, कधीपासून? आणि पेन्सिल माझ्याकडे दिली.

मी लिहिलं, धोंड्याच्या दिवसापासून. पंखा बंद ठेवला म्हणून. चुकलो, माफ करा.

त्यांनी ते बराच वेळ वाचलं. मग लिहिलं, दिवा विझला असता.

मला हसू आवरेना, मी तोंडात रुमाल कोंबला. मामा माझ्याकडे बघत होते, चेहरा गंभीर. त्यांनी पुन्हा पेन्सिल घेतली. मीही माझ्या सासऱ्यांना हेच म्हणायचो, त्यांनी लिहिलं. लिहून मात्र कधी ठेवलं नाही. आता त्यांचेही खांदे हलायला लागले. आम्ही दोघं ओसरीवर बसून, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्या माणसाबद्दल मला इतकं प्रेम यापूर्वी कधी वाटलं नव्हतं.

ती परीक्षा पास झाली आणि काम तिला मिळालं, हे इथंच सांगून टाकतो. उगाच कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. पण त्या दिवशी हे आम्हाला कुठं माहीत होतं? दीड वाजता दार उघडलं. ती बाहेर आली, केस विस्कटलेले, बोटं चोळत होती. मामांनी विचारलं, कसा गेला? ती म्हणाली, बरा गेला. मग माझ्याकडे न बघता मला म्हणाली, "दाजी, जेवायच्या आधी आत चला."

आम्ही तिघं आत गेलो. काय करायचं ते कुणी बोललं नाही, पण मला ठाऊक होतं. मी खुर्चीत बसलो, माझं खातं उघडलं, आणि मागच्या वेळी तिनं दाखवलेली वाट आठवत आठवत तिच्या नावापर्यंत गेलो. साध्याच्या जागी कारभारी निवडलं. मग जरा छाती काढून उठलो, खुर्ची तिच्यापुढे केली आणि म्हणालो, "घे. आजपासून तू ॲडमिन."

ती बसली. स्क्रीनकडे बघत तिनं विचारलं, "आजपासून काहून, दाजी? पयले बी मीच होते ना?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. मी मामांकडे पाहिलं. मामांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला आणि नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ पुसत राहिले. "बराबर हाय तिचं," शेवटी ते म्हणाले. "आपण इचारलंच न्हाई तिला." नऊ वर्षांत मामांनी स्वतःचा शब्द मागे घेतलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

तिनं मान हलवली आणि माझं खातं साधं करून टाकलं. मामांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग तिनं स्वतःच्या खात्यावर नवा पासवर्ड घालायला घेतला. बघू नका असं ती म्हणाली नव्हती. तरी आम्ही दोघंही आपणहून वळलो आणि भिंतीकडे तोंड करून शेजारी शेजारी उभे राहिलो. मागे कीबोर्ड वाजत होता. बराच वेळ वाजत होता.